डाक, मनोरा आणि गाडीतला बूस्टर

मोबाईल लागेनासा झाला की मराठी माणूस म्हणतो, 'रेंज नाही'. हिंदी भाषक म्हणतो, 'नेटवर्क नहीं है'. तंजावरकडचा तमिळ माणूस मात्र 'टॉवर मिळत नाही' अशा अर्थाचे बोलतो. त्यात 'टॉवर' हा इंग्रजी शब्द तसाच ठेवलेला असतो. तिन्ही शब्द उसनेच, पण तिसऱ्या प्रयोगात वस्तुस्थितीचे भान सर्वांत अचूक आहे असे मला वाटते. संदेश हवेतून आपोआप येत नाही. कोणीतरी, कोठेतरी, उंचावर ठाणे मांडून बसलेले असते आणि त्या ठाण्याची व आपली गाठ पडावी लागते.

हा विषय निघण्याचे कारण असे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात स्थायिक झालेली आपली माणसे सुटीत गाडी घेऊन दूरच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात जातात. तेथे फोन लागत नाही म्हणून गाडीच्या टपावर एक छोटी अँटेना, आसनाखाली एक डबी आणि पुढे आणखी एक अँटेना अशी त्रिकूट सामग्री बसवतात. तिला सिग्नल बूस्टर म्हणतात. भारतात येताना हे यंत्र बरोबर आणावे काय, गावाकडे रेंज नसते, असा प्रश्न परदेशस्थ मराठी मंडळींकडून अधूनमधून ऐकू येतो. त्याचे कायदेशीर उत्तर एका ओळीचे आहे आणि ते पुढे दिले आहे. परंतु त्या ओळीमागे दोनशे वर्षांचा प्रशासकीय इतिहास उभा आहे, आणि तो पाहावयाचा तर तंजावर ते समुद्र या साठ-सत्तर किलोमीटरच्या वाटेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. बृहदीश्वराच्या देवळापासून दक्षिणेस निघावे, ओरत्तनाडु आणि पट्टुकोट्टै ओलांडावे आणि पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी सरफोजीराजांनी बांधलेल्या मनोऱ्यापाशी थांबावे. उंची, ठाणे आणि परवानगी ही संदेशवहनाची तिन्ही प्रकरणे या एका वाटेवर भेटतात.

प्रथम उंची. कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा सपाट आहे. डोंगर नाही, टेकडी नाही. भातखाचरे, कालवे आणि नारळी. अशा मुलखात दूरवर पाहायचे तर माणसाने बांधलेली उंचीच कामास येते. पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या विमानाची उंची सुमारे साठ मीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब मांडला तर एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण २७-२८ किलोमीटर लांब पडते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटरांच्याही आत असते. आकडे साधे आहेत, पण मोबाईलच्या मनोऱ्यांचे सारे गणित याच दोन आकड्यांच्या फरकावर उभे आहे.

हा फरक ओळखून या देवळाचा शास्त्रीय उपयोग करू पाहणारा गृहस्थ म्हणजे विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने पुढे 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' म्हणून प्रसिद्ध झालेली त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ही मोजणी म्हणजे उंचावरच्या एका बिंदूवरून दुसरा उंच बिंदू पाहणे आणि कोन टिपणे. जेथे डोंगर होते तेथे त्याचे काम सुकर झाले. कावेरीच्या सपाटीत मात्र त्याने देवळांच्या शिखरांचा आधार घेतला. त्याचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा. इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी तो जहाजासकट पकडला, मॉरिशसला नेला, आणि शास्त्रीय उपकरण आहे हे कळल्यावर सन्मानपूर्वक परत पाठवला. शत्रूच्या हातून सुखरूप सुटलेला हा थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरास देवळाच्या शिखराकडे चढवीत असताना दोर तुटला, आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे वर्तुळ वाकडे झाले. लॅम्बटनने कारागिरांखेरीज कोणालाही जवळ येऊ दिले नाही आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून सुमारे सहा आठवड्यांत ते वर्तुळ जवळजवळ मूळ आकारावर आणले. नवे यंत्र मागवून ते येईपर्यंत स्वस्थ बसता आले असते. फाईलवर तसा शेरा मारणे मुळीच अवघड नव्हते. आजच्या एखाद्या खात्यात अशी वेळ आली तर काय होईल, हे वाचकांच्या कल्पनेवर सोपवतो.

त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग उरला. सत्ता गेली, पण वृत्ती गेली नाही. सरस्वती महाल ग्रंथालय, वैद्यक, छापखाना, चित्रे यांविषयी त्यांनी केलेले काम मराठी वाचकांना परिचित आहे, म्हणून ते येथे सांगत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती त्यांची छत्रे.

छत्र म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी अशी छत्रे मालिकेने उभारली. ओरत्तनाडु येथील मुक्तांबा छत्र १८०२ चे. त्याच्या बाहेरच्या अंगाला दगडी रथाचे घोडे आणि हत्ती आजही दिसतात. कारभार कंपनीकडे जाताच या छत्रांच्या नेमणुका जातील की काय अशी भीती निर्माण झाली. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांत काय चालते ते तपशीलवार कळवले: प्रवाशांना अन्न, आजाऱ्याला औषधोपचार, बाळंतिणीची देखभाल. हे पत्र मला प्रशासकीय लेखनाचा उत्तम नमुना वाटते, कारण त्यात खर्चाचे समर्थन पुण्याच्या भाषेइतकेच सेवेच्या भाषेत केले आहे. राज्य हातून गेलेला राजा वाटेवरची ठाणी मात्र सोडू नका म्हणतो. यातील मर्म असे की, वाट चालणाऱ्याची शक्ती ठराविक अंतराने संपते, आणि ती पुन्हा भरून देणारे कोणी वाटेवर बसलेले नसेल तर वाट असून नसल्यासारखी.

संदेशाचेही तेच आहे. 'डाक' या शब्दाचा मूळ अर्थ पत्र असा नाही. ठराविक टप्प्यांवर बदलीची माणसे किंवा घोडी ठेवण्याची व्यवस्था, असा आहे. म्हणूनच जुन्या मराठीत 'डाक बसविणे' असा प्रयोग येतो. पळून दमलेला हरकारा थैली ताज्या दमाच्या हरकाऱ्याच्या हाती देतो. संदेश तोच, दम नवा. विजेच्या तारायंत्रात पुढे लांब अंतरावर प्रवाह क्षीण होऊ लागला तेव्हा मध्ये जे उपकरण बसवले त्याला 'रिले' म्हणतात, आणि तो शब्दही बदलीच्या घोड्यांवरूनच आला. आजचा मोबाईल रिपीटर हे त्याच घराण्यातले पुढचे अपत्य: क्षीण झालेली लहर घ्यायची, तिला नवा दम द्यायचा, पुढे सोडायची. गाडीतला बूस्टर म्हणजे एका माणसाने स्वतःपुरती बसवलेली, आणि स्वतःबरोबर फिरणारी, डाक.

फिरत्या मुक्कामाचा आणि घरच्या ठाण्याचा संबंध हा प्रश्नही तंजावरला नवा नाही. १८२०-२१ च्या सुमारास सरफोजीराजे काशीयात्रेस निघाले तेव्हा बरोबर तीन हजारांच्या आसपास माणसे होती. आजच्या भाषेत तो एक चालता जिल्हा होता. या यात्रेवर 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' नावाचे मराठी काव्य आहे, आणि तंजावरच्या मोडी दप्तरांतही तिची कागदपत्रे आहेत. पुढच्या मुक्कामाची रसद, नदीवरच्या होड्या, दानधर्माचा हिशोब, मागे राहिलेल्या घरची खबर, हे सारे कागदावर आणि माणसाच्या पायांवर. मुक्काम पुढे सरकला की पाठीमागची प्रत्येक बातमी तितकी शिळी होत जाते.

बातमी किती शिळी होत असे याचा पुरावा तर या वाटेच्या शेवटी दगडविटांत उभा आहे. सरभेंद्रराजपट्टिणम येथील मनोरा ही षट्कोनी, आठ मजली, सुमारे २३ मीटर उंचीची वास्तू सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ बांधली. तमिळ माणसेही तिला 'मनोरा' असेच म्हणतात. आपला शब्द त्या किनाऱ्यावर विशेषनाम होऊन बसला आहे. तेथील लेख मराठीसह अनेक भाषांत आहे. आता गंमत पाहा. नेपोलियन एप्रिल १८१४ मध्ये पदच्युत झाला. ती बातमी जहाजाने, आफ्रिकेला वळसा घालून, काही महिन्यांनी मद्रास किनाऱ्याला लागली. मनोऱ्याच्या उभारणीच्या याच काळात, मार्च १८१५ मध्ये, नेपोलियन पुन्हा पॅरिसमध्ये दाखल झाला होता, आणि वॉटर्लू व्हायचे होते! ज्याच्या पाडावाचा स्तंभ येथे चढत होता तो सम्राट तिकडे पुन्हा फौजा गोळा करीत होता, आणि ती खबर अजून समुद्रावर हेलकावे खात होती.

त्याच नेपोलियनच्या फ्रान्समध्ये मात्र १७९४ पासून शाप नावाच्या गृहस्थाची दृश्य तारायंत्रे चालत होती: टेकड्यांवर आणि मनोऱ्यांवर लाकडी हात, दुर्बीण लावून बसलेला माणूस, आणि एका ठाण्याची खूण दुसऱ्याने हुबेहूब पुढे देणे. कंपनीनेही बंगालात कलकत्त्यापासून चुनारच्या दिशेने असे मनोरे बांधले. सरफोजीराजांचा मनोरा दीपस्तंभ म्हणूनही वापरला गेल्याचे सांगतात. २३ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १७ किलोमीटर पडते; पाल्कच्या उथळ पाण्यातल्या होडीला तेवढाही दिलासा पुरेसा होता.

येथे उंची आणि ठाणे ही दोन प्रकरणे संपली. तिसरे प्रकरण परवानगीचे, आणि प्रशासनाच्या अभ्यासकाला खरे रस वाटावे असे हेच आहे.

जुन्या काळी सावकार, संस्थानिक, देवस्थाने यांचे आपापले जासूद असत. ज्याला परवडे त्याने आपली डाक बसवावी. १८३७ च्या कायद्याने कंपनीने मोबदला घेऊन पत्रे नेण्याचा हक्क आपल्याकडे एकवटला. मोठ्या शहरांमधल्या वाटा सरकारी टपालाने सांभाळल्या, परंतु आडवाटेच्या खेड्यांचे काय? तेथे अनेक भागांत 'जिल्हा डाक' नावाची निराळी व्यवस्था चालू राहिली. तिचा भार बहुतांशी स्थानिक जमीनदारांवर असे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती कोठे कोठे तग धरून होती. म्हणजे मक्तेदारी सर्वत्र, सेवा मुख्य रस्त्यावर, आणि आडवाटेची जबाबदारी ज्याची त्याने पाहावी. हा आकृतिबंध लक्षात ठेवावा. तो पुन्हा भेटणार आहे.

१८५५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारी तार लोकांसाठी खुली झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तंजावरचे अखेरचे राजे दुसरे शिवाजी निवर्तले आणि पुरुष वारस नाही म्हणून ती गादी खालसा झाली. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. मात्र यापुढे संदेशाच्या ठाण्यांवर एकच धनी उरला. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारला दिला. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने तर परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. हे दोन कायदे ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर खिशातला फोन असणे शक्यच नव्हते. तरीही एकविसाव्या शतकातील मोबाईल सेवेचा कारभार दीर्घकाळ याच दोन कायद्यांवर चालला. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याच्या तरतुदी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागल्या.

आता ते एका ओळीचे उत्तर. भारतात मोबाईल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर बसवण्याची मुभा परवानाधारक दूरसंचार कंपन्यांना आहे. खासगी व्यक्तीने तो विकत घेणे, विकणे, बसवणे किंवा बाळगणे बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये सर्वसामान्य जनतेसाठी तसे स्पष्ट निवेदन काढले होते. परदेशातून आणलेला, तेथे अधिकृत असलेला बूस्टरही याला अपवाद नाही. उपग्रह फोनाच्या बाबतीत तर नियम याहून कडक आहेत आणि अनेक परदेशी प्रवासी त्यामुळे विमानतळावर अडचणीत आले आहेत.

ही बंदी निव्वळ सरकारी हट्ट आहे असे कोणी समजू नये. बूस्टर कसा चालतो हे पाहिले म्हणजे तिच्यामागचे कारण समजते. टपावरची अँटेना मनोऱ्याची क्षीण लहर पकडते. मधली डबी ती वाढवते. अमेरिकेत गाडीतल्या बूस्टरला जी कमाल मर्यादा आहे ती ५० डेसिबलची, म्हणजे शक्तीत एक लाख पट. आतली अँटेना ती वाढलेली लहर फोनला देते. परतीच्या वाटेवर हेच उलट्या दिशेने घडते: फोनचा आवाज वाढवून मनोऱ्याकडे धाडला जातो. गोम या परतीच्या वाटेत आहे. मनोऱ्याचे कान दूरवरच्या शेकडो फोनांची कुजबुज ऐकण्यासाठी तयार केलेले असतात. त्याच्या जवळ येऊनही बूस्टर ओरडतच राहिला, किंवा त्याच्या आतल्या-बाहेरच्या अँटेना एकमेकींचे ऐकू लागून लाउडस्पीकरच्या शिट्टीसारखी शिट्टी सुरू झाली, तर त्या मनोऱ्यावरच्या बाकी सर्वांचे बोलणे त्या गोंगाटात बुडते. एकाची सोय, शंभरांची अडचण. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांना हा विवेक नसतो.

शिवाय बूस्टर सिग्नल निर्माण करीत नाही. शून्याची लाख पट शून्यच. जेथे कोणत्याच मनोऱ्याची लहर पोचत नाही तेथे ही डबी निरुपयोगी आहे. आणखी एक मर्यादा फारशी कोणाला माहीत नसते. जुन्या जीएसएम तंत्रात फोन आणि मनोरा यांच्यातले अंतर साधारण ३५ किलोमीटरांहून अधिक झाले की लहर पोचूनही बोलणे जुळत नसे, कारण प्रत्येक फोनला दिलेला काळाचा तुकडा उलटून गेल्यावर ती पोचत असे. दम वाढवता येतो, वेळ वाढवता येत नाही.

मग इतर देशांनी काय केले? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये नियम केले: यंत्र ठरलेल्या मानकाचे असावे, गोंगाट होऊ लागताच त्याने आपोआप गप्प बसावे, आणि मालकाने आपल्या मोबाईल कंपनीकडे त्याची नोंद करावी. बूस्टरमार्फत आपत्कालीन क्रमांकाला फोन केल्यास आपले ठिकाण चुकीचे कळू शकते, अशी सूचनाही यंत्रावर छापावी लागते. तिकडच्या वाचकांनी ही सूचना अवश्य वाचावी, कारण आडरानात अपघात झाला तर तिचे महत्त्व कळते. ब्रिटनने २०१८ मध्ये गाडीत बसवायच्या कमी क्षमतेच्या ठराविक रिपीटरांना परवान्यातून सूट दिली. दोन्ही देशांनी बंदी उठवताना सरसकट मोकळीक दिली नाही. मापात बसणारे यंत्र आणि न बसणारे यंत्र असा भेद केला. भारताने तो भेद केलेला नाही.

माझे मत असे की आपणही तो करावा, निदान वाहनांपुरता. रुग्णवाहिका, वनखात्याच्या जीपगाड्या, मासळीचे ट्रक, आडमार्गाच्या बसगाड्या यांना नोंदणीकृत, कमी क्षमतेचा, स्वतःहून गप्प बसणारा बूस्टर देण्यात धोका थोडा आणि लाभ मोठा आहे. धातूच्या पेटीतून लहर आत येताना ती आधीच क्षीण होते. नारळीच्या दाट बागा आणि पावसाने भिजलेली पाने ती आणखी शोषतात. जेथे टपावर पुसट रेंज आहे आणि आत नाही, नेमक्या त्याच पट्ट्यात हे यंत्र उपयोगी पडते. दुसऱ्या बाजूचा आक्षेप मला ठाऊक आहे: एकदा दार किलकिले केले की नोंदणीचे यंत्र एक आणि बाजारातली विनानोंदणीची दहा अशी अवस्था होईल, आणि तपासणीसाठी माणसे कोठून आणायची? आक्षेप खरा आहे. परंतु आजही बंदी असून चोरटी यंत्रे बसतातच, आणि तपासणी करणारी पथके ती उतरवीत फिरतात. संपूर्ण बंदीमुळे चांगले यंत्र बाजारातून हटते, वाईट हटत नाही.

तथापि याने दुर्गम भागाचा प्रश्न सुटेल असे मानणे ही जिल्हा डाकेचीच पुनरावृत्ती होय: मुख्य रस्ता सरकारचा आणि आडवाट ज्याची त्याने पाहावी. मनोरा उभारण्याचे काम बूस्टरवर ढकलता येत नाही. त्यासाठी २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून एक सार्वत्रिक सेवा निधी उभारला जातो. नव्या कायद्याने त्याचे 'डिजिटल भारत निधी' असे नामांतर केले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आकडे मोठे आहेत, पण आपल्या गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, आणि रस्ता तुटला की मनोऱ्याच्या जनित्राला लागणारे डिझेलही अडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मंजुरी आणि सेवा यांतले अंतर सांगावे लागत नाही.

आणि दुर्गमता केवळ जागेची नसते, वेळेचीही असते. एरवी तंजावर जिल्ह्यात रेंजची ओरड फारशी नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर 'गजा' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर चढले आणि याच वाटेवरची ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावूरणी ही गावे काही तासांत दुर्गम झाली. नारळीच्या बागा आडव्या झाल्या, राज्यात विजेचे एक लाखाहून अधिक खांब पडले, साठाहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी मोबाईल मनोरा कसा मरतो याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम वीज जाते, मग काही तासांत बॅटऱ्या संपतात, जनित्राचे डिझेल पडलेल्या झाडांमुळे पोचत नाही, आणि एव्हाना कोठेतरी भूमिगत किंवा खांबावरची केबल तुटलेली असते. त्या अंधारात गाडीतला बूस्टर काय वाढवणार? तेथे पोलिसांचे बिनतारी संच आणि हौशी रेडिओचालकच उपयोगी पडतात. पुढे चाकांवरचे तात्पुरते मनोरे येतात. अलीकडच्या चक्रीवादळांत एका कंपनीचा मनोरा पडला तर तिच्या ग्राहकांना दुसरीच्या मनोऱ्यावर बोलू देण्याची तरतूदही अमलात आणली जाऊ लागली आहे. मला ही तरतूद बूस्टरपेक्षा किती तरी मोलाची वाटते, कारण तिला नवे यंत्र लागत नाही, केवळ कंपन्यांना बसवून घेतलेला एक निर्णय लागतो.

याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेस, पुदुच्चेरीच्या हद्दीत नल्लवाडु नावाचे कोळ्यांचे गाव आहे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने तेथे एक माहिती केंद्र चालवले होते आणि हवामान व लाटांची माहिती केंद्रावरच्या ध्वनिक्षेपकावरून रोज गावाला ऐकवली जाई. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची बातमी सिंगापुरात नोकरी करणाऱ्या गावच्याच एका तरुणाने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि गावी फोन लावला. तो निरोप गावकऱ्यांनी केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून ओरडून सांगितला, आणि सारे गाव किनारा सोडून मागे हटले. घरे आणि होड्या गेल्या, माणसे वाचली. त्याच दिवशी पूर्वी तंजावर जिल्ह्यातच असलेल्या, १९९१ मध्ये वेगळ्या झालेल्या नागपट्टिणम जिल्ह्यात सुमारे सहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही फोन होते, आणि परगावी, परदेशी गेलेली मुलेही होती. रोज वापरात असलेले, ज्याचा आवाज गावाला ओळखीचा झालेला आहे असे ठाणे मात्र तेथे गावोगाव नव्हते.

तेव्हा सुटीत तंजावरास जाणाऱ्या मराठी वाचकांनी बूस्टर घरीच ठेवावा. मनोऱ्याकडे जायचे तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि वादळांचा काळ आहे हे ध्यानात घेऊन निघावे, वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा आणि कोणत्या रस्त्याने जाणार ते मागे कोणाला तरी सांगून ठेवावे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळ दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा मनोरा असेल तर ११२ हा क्रमांक बहुधा लागतो. ओरत्तनाडुला मुक्तांबा छत्र रस्त्यालगत आहे. अर्धा तास काढून ते पाहावे. आणि मनोऱ्यापाशी पोचल्यावर तेथील लेखातला मराठी भाग शोधावा. नेपोलियनच्या पाडावाची ती जुनी बातमी तेथे आपल्या भाषेतही कोरलेली आहे.